वैद्यकीय संकेतांतील ऊर्जा: या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

वडोदऱ्यातील तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा ही सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, सुरू झालेल्या कलाभवनाची वारसदार आहे. तेथून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या मुलाने रिफायनरीत तरी लागावे किंवा सॉफ्टवेअरमध्ये तरी जावे, अशी आमच्या दांडिया बाजारातील मराठी घरांची साधारण अपेक्षा असते. मी वैद्यकीय संकेतांच्या, म्हणजे हृदय, मेंदू यांच्याकडून यंत्राने टिपलेल्या विद्युत लहरींच्या, विश्लेषणाकडे वळलो, तेव्हा ‘म्हणजे ईसीजीची यंत्रे दुरुस्त करणार का?’ असे काकांनी विचारले होते. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, कारण यंत्र न समजता हे काम होत नाही.

मूळ कल्पना सोपी आहे. संकेताच्या प्रत्येक नमुन्याचा (ठरावीक क्षणी मोजलेल्या मूल्याचा) वर्ग करून बेरीज केली की त्या कालखंडातील ऊर्जा मिळते. वर्ग केल्यामुळे उंची दुप्पट झाली तर ऊर्जा चौपट होते आणि मोठे चढउतार उठून दिसतात. १९८५ मध्ये पॅन आणि टॉम्पकिन्स या संशोधकांनी मांडलेली ईसीजीतील (हृदयाच्या विद्युत आलेखातील) ठोके ओळखण्याची पद्धत याच गुणावर उभी आहे: आधी फिल्टर, मग उताराचे मापन, मग वर्ग आणि शेवटी सुमारे १५० मिलिसेकंदांच्या सरकत्या खिडकीतील सरासरी. नवख्याने पहिला सराव म्हणून ही पद्धत स्वतः, तयार सॉफ्टवेअर लायब्ररी न वापरता, लिहावी.

मेंदूच्या संकेतांत (ईईजीत) मात्र एकूण ऊर्जेवरून फारसे कळत नाही. ती कोणत्या वारंवारता-पट्ट्यात आहे, हे पाहावे लागते. डेल्टा पट्टा साधारणतः ४ हर्ट्झच्या (सेकंदाला ४ आवर्तनांच्या) खाली असतो, तर अल्फा ८ ते १३ हर्ट्झमध्ये. अपस्माराच्या झटक्यात ऊर्जा बहुधा वाढते. परंतु रुग्णाने नुसते दात आवळले तरी जबड्याच्या स्नायूंमुळे ती त्याहूनही जास्त वाढू शकते. झटका कालांतराने लय आणि आकार बदलत जातो, स्नायूंचा गोंगाट बेशिस्त आणि उच्च वारंवारतेकडे झुकलेला असतो. हा फरक केवळ ऊर्जेच्या आकड्यात उमटत नाही.

म्हणूनच संगणकासमोर बसण्यापूर्वी काही दिवस ईसीजी-ईईजी काढणाऱ्या तंत्रज्ञाजवळ उभे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडचे तंत्रज्ञ रुग्णाला ‘हाथ ढीलो राखो’ असे सारखे का बजावतात, इलेक्ट्रोडखालचे जेल सुकले की बेसलाइन (आलेखाची मूळ रेषा) कशी डगमगते, पंख्याची वायर जवळ असली तर आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण कशी शिरते, हे डोळ्यांनी पाहिले की फिल्टर लावण्यामागचे कारण कळते. (अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची असल्याने एमआयटी-बीआयएचच्या प्रसिद्ध ईसीजी संग्रहासाठी लिहिलेला नॉच फिल्टर (एकच वारंवारता गाळणारा फिल्टर) आपल्या नोंदींवर जसाच्या तसा चालत नाही.)

खुल्या, म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या, नोंदींच्या संग्रहांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नोकरीच्या मुलाखतीत बहुतेकांची परीक्षा येथेच होते. एमआयटी-बीआयएच संग्रहात ४७ व्यक्तींच्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत. एकाच व्यक्तीचे काही ठोके संगणकप्रणालीच्या प्रशिक्षणात आणि उरलेले चाचणीत गेले, तर प्रणाली त्या व्यक्तीचा ठसाच पाठ करते आणि अचूकता फुगते. त्यामुळे विभागणी नेहमी रुग्णनिहाय करावी. जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या ईईजी संग्रहातील सापळा याहून बारीक आहे. त्यात निरोगी व्यक्तींच्या नोंदी डोक्याच्या त्वचेवरून घेतलेल्या आहेत, तर झटक्याच्या नोंदी रुग्णांच्या कवटीच्या आतील इलेक्ट्रोडवरून. या दोन गटांत भेद करून जवळजवळ शंभर टक्के यश मिळवणाऱ्या प्रकल्पाने झटका ओळखला की इलेक्ट्रोडची जागा, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. असा निकाल दाखवणाऱ्या उमेदवारापेक्षा, ही शंका स्वतःहून काढणारा उमेदवार मला अधिक तयारीचा वाटतो.

रुग्णालयातील नोंदी वापरायच्या असतील, तर आचार समितीची परवानगी आणि रुग्णाची ओळख काढून टाकणे या दोन गोष्टींना वेळ लागतो. तो अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात आधीच धरावा. तोवर बोस्टनच्या बालरुग्णालयातील, २५६ हर्ट्झवर (सेकंदाला २५६ नमुने) घेतलेल्या दीर्घ ईईजी नोंदींवर काम करावे. निकाल मांडताना किती झटके सापडले, याच्या शेजारी तासाला किती खोटे इशारे वाजले, हेही लिहावे, कारण मेंदूविकारतज्ज्ञ सर्वप्रथम तेच विचारतात आणि रात्रपाळीची परिचारिका त्यावरूनच यंत्राचा आवाज चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवते.