पितळ ठोकण्याआधी मऊ करा

जुन्या स्टोव्हचा, कंदिलाचा पितळी भाग आता बाजारात सहसा मिळत नाही, तेव्हा तो घडवावाच लागतो. ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीत पितळ घ्यायला जाल तेव्हा आधी मिश्रण विचारा. खरादकामाच्या, म्हणजे लेथवर कातायच्या गजात शिसे मिसळलेले असते. तो छान कातला जातो, पण वाकवताना फुटतो. ठोकून घडवायला ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेला पत्रा किंवा नळी घ्या. बंदुकीच्या काडतुसाचे कवच याच पितळेचे असते.

ठोकताना पितळ कडक होत जाते. हातोडी उसळू लागली की थांबा, नाहीतर चीर ठरलेली. दिवे मंद करा आणि गॅस टॉर्चने भाग सगळीकडून सारखा, जेमतेम अंधुक लाली दिसेपर्यंतच तापवा. मग खुशाल पाण्यात बुडवा, पोलादासारखे ते कडक होत नाही. जास्त तापवलेत तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो आणि जस्ताचा धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी हवीच.

आपल्या पावसाळ्यात आणखी एक जपा. ब्रिटिश काळात भारतात घोड्यांच्या पागेत ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. कारण होते मूत्रातला अमोनिया आणि घडवताना पितळेत अडकलेला ताण. तेव्हा हा ताण निघून जावा म्हणून घडवून झालेला भाग २५० ते ३०० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवा. तो पुसायला अमोनियाचे क्लीनर मुळीच वापरू नका, चिंच पुरे.