लोकप्रतिनिधीचं पत्र आलं की आधी तारखा बघा

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सअॅप गटावर सुविचारांच्या खालोखाल काय येत असेल, तर ती लोकप्रतिनिधींची पत्रं. वर ठळक अक्षरात 'फेडरल कपात आणि आपला मतदारसंघ', खाली अब्जांचे आकडे, आणि त्याखाली कुणीतरी विचारलेलं: "ताई, माझं मेडिकेड जाणार का हो?" मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. मी एका सीपीएच्या, म्हणजे हिशेब तपासनिसाच्या, ऑफिसात हिशेब बघते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे ढकलले जातात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा अशी पत्रं मी कशी वाचते, ते एकदा लिहून टाकते.

पत्र पाठवलंय कुणी?

इथे राहणाऱ्या प्रत्येकाचे सहा लोकप्रतिनिधी असतात. तीन वॉशिंग्टनला: प्रतिनिधीगृहातला एक सदस्य आणि राज्याचे दोन सिनेटर. तीन ट्रेंटनला, म्हणजे राज्याच्या राजधानीत: राज्याच्या ४० मतदारसंघांपैकी आपल्या मतदारसंघाचा एक राज्य सिनेटर आणि असेंब्लीचे दोन सदस्य. फेडरल कपातीवर पत्रं सहाही जण लिहितात, पण त्या कपातीवर मत दिलेलं असतं फक्त पहिल्या तिघांनी. ट्रेंटनहून आलेल्या पत्रात 'मी या कपातीला कडाडून विरोध करते' असं असेल तर ती त्या बाईंची भूमिका झाली. तिथे शोधायचं ते वेगळंच: वॉशिंग्टनहून पैसे कमी आले तर राज्य ती तूट भरणार का, आणि कुठून? हा प्रश्न त्यांच्या हातातला आहे. पत्रात त्याचं उत्तर नसेल तर फोन करून विचारावं.

आणखी एक खूण. पत्रात देणगीचं बटण असेल किंवा निवडणुकीत साथ द्या असं आवाहन असेल, तर ते प्रचाराचं पत्र, कार्यालयाचं नाही. सरकारी खर्चाने मतं आणि पैसे मागता येत नाहीत. प्रचाराचं पत्र खोटंच असतं असं नाही, पण त्यातला आकडा सगळ्यात भीतीदायक किंवा सगळ्यात गोड निवडलेला असतो, एवढं लक्षात ठेवून वाचावं.

कपात नेमकी कुठवर पोहोचली आहे?

माझ्या मते अर्धी घबराट इथे संपते. पत्रात 'कपात' हा एकच शब्द चार-पाच निरनिराळ्या गोष्टींसाठी येतो.

पहिली गोष्ट म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा अर्थसंकल्प. तो प्रस्ताव असतो, कायदा नसतो. घर गरम ठेवण्याच्या बिलासाठी मदत देणारी 'लाय-हीप' योजना घ्या. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत प्रस्तावात तिला शून्य रक्कम दाखवली होती आणि काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट यांनी मिळून, तरीही पैसे दिले होते. २०२६ च्या प्रस्तावात पुन्हा शून्य. 'प्रस्तावित' किंवा 'अर्थसंकल्पात सुचवलेली' असे शब्द दिसले की लगेच कुणाचा चेक थांबलेला नसतो. काँग्रेसला फोन करण्याची वेळ मात्र तीच.

दुसरी गोष्ट, मंजूर झालेला कायदा. ४ जुलै २०२५ ला सही झालेला मोठा कर आणि खर्चाचा कायदा या जातीचा. सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५०, उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने. प्रतिनिधीगृहात २१८ विरुद्ध २१४. एरवी सिनेटमध्ये वादग्रस्त विधेयकाला ६० मतांचा अडथळा असतो. 'रिकन्सिलिएशन' नावाच्या मार्गाने गेलं की साधं बहुमत पुरतं, म्हणून हे निसटत्या मतांनी पार पडलं. ही कपात खरी. ती बदलायची तर नवा कायदाच लागेल.

तिसरी गोष्ट, आधी मंजूर झालेले पैसे परत घेणं. १९७४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला तशी विनंती करू शकतात आणि तोवर ४५ दिवस पैसे रोखून धरू शकतात. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने अशी विनंती मान्य केली आणि सुमारे ९ अब्ज डॉलर परत घेतले. त्यात बहुतांश परदेशी मदत होती आणि सुमारे १.१ अब्ज सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे.

चौथी गोष्ट सगळ्यात गोंधळाची: कायदा तसाच, पण प्रशासन पैसे सोडत नाही. १ जुलै २०२५ ला शाळांना मिळायचे सहा अब्जांहून अधिक डॉलर असेच अडकले. उन्हाळी वर्ग, इंग्रजी शिकणारी मुलं, शिक्षकांचं प्रशिक्षण, सगळं त्यात आलं. त्याच महिन्याच्या अखेरीस ते सोडण्याचं जाहीर झालं. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं पत्र ऑगस्टमध्ये फॉरवर्ड करणारा माणूस तेव्हा खरी असलेली पण आता शिळी झालेली बातमी पसरवत होता. गटावर हे फार चालतं. म्हणून माझा पहिला नियम असा की पत्राची तारीख दिसत नसेल तर ते पुढे पाठवायचं नाही.

पाचवी, न्यायालयात अडकलेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या अनुदानातला वरकड खर्च (इमारत, वीज, कारकुनी असा) सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. विद्यापीठं आणि राज्यं न्यायालयात गेली आणि बॉस्टनच्या फेडरल न्यायालयाने ती रोखली. तुमची सून किंवा मुलगा प्रयोगशाळेत असेल तर पत्रातल्या 'घोषणा' आणि 'अंमल' या दोन शब्दांमध्ये किती अंतर असतं ते त्यांना चांगलंच ठाऊक असेल.

आकड्याला किती वर्षांनी भागायचं?

वॉशिंग्टनचे मोठे आकडे बहुतेक वेळा दहा वर्षांचे असतात. जुलै २०२५ च्या त्या कायद्यातली मेडिकेडची ९०० अब्जांहून जास्त कपात, हा आकडा दहा वर्षांचा. फेडरल सरकारचा मेडिकेडवरचा एका वर्षाचा खर्च सुमारे ६०० अब्जांचा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की 'मेडिकेड बंद होणार' ही अफवा गळून पडते. उरते ती वस्तुस्थितीही मोठीच आहे. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा, म्हणजे सीबीओचा, अंदाज आहे की या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे १ कोटी जास्त लोक विम्याविना असतील.

पण नुसतं दहाने भागूनही चुकायला होतं. कपात दर वर्षी सारखी पडत नाही. मेडिकेडसाठीच्या कामाच्या अटी (त्या खाली सांगते) २०२७ च्या सुरुवातीपासून. राज्यं रुग्णालयांवर जो कर लावून मेडिकेडचा आपला वाटा उभा करतात, त्याची मर्यादा न्यू जर्सीसारख्या राज्यांत ६ टक्क्यांवरून हळूहळू उतरत २०३२ मध्ये ३.५ वर येणार. सुरुवातीची वर्षं हलकी, नंतरची जड. तेव्हा 'अजून काहीच झालं नाही, उगाच ओरडत होते' असं म्हणणाऱ्यालाही या तारखा दाखवाव्यात.

'वाढ कमी केली' आणि 'रक्कम कमी केली' यांतला फरकही दोन्ही पक्ष सोयीने वापरतात. सीबीओचा हिशेब चालू कायद्याप्रमाणे पुढे किती खर्च झाला असता, त्याच्याशी तुलना करतो. त्यामुळे एक जण म्हणतो कपात झाली, दुसरा म्हणतो खर्च तर वाढतोच आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आजारी माणसं वाढली, औषधं महागली, तर तेवढीच रक्कम अपुरी पडते, हे कुठल्याही घरखर्च सांभाळणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

मग काकांचं मेडिकेड?

गटातला तो प्रश्न मी असा सोडवते. वय किती? महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा स्वयंसेवा ही नवी अट १९ ते ६४ वयाच्या, मेडिकेडच्या विस्तारातून, म्हणजे पात्रतेचे नियम सैल करून नंतर सामावून घेतलेल्या, प्रौढांना आहे. ६५ पूर्ण झालेल्यांना ती लागू नाही. घरात १३ वर्षांपर्यंतचं मूल सांभाळणाऱ्या पालकांना, गरोदर स्त्रियांना, अपंगत्व असलेल्यांना सूट आहे. दुसरं, कार्ड नीट बघा. न्यू जर्सीत मेडिकेड 'एनजे फॅमिलीकेअर' या नावाने चालतं, त्यामुळे 'आमचं मेडिकेड नाही, फॅमिलीकेअर आहे' म्हणून निश्चिंत असलेले लोक मला भेटतात. मेडिकेअर (मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा फेडरल विमा) आणि मेडिकेड यांची अदलाबदल तर रोजचीच.

विस्तारातल्या प्रौढांची पात्रता २०२६ च्या अखेरीपासून वर्षातून एकदा न तपासता दर सहा महिन्यांनी तपासली जाणार आहे. माणसं अपात्र ठरून कमी आणि पाकीट जुन्या पत्त्यावर गेल्यामुळे जास्त बाहेर पडतात, असं माझं मत आहे. घर बदललंत, मुलाकडून मुलीकडे राहायला गेलात, की आधी फॅमिलीकेअरला पत्ता कळवा. लोकप्रतिनिधीच्या पत्रात ही ओळ सहसा नसते. मी त्यांच्या जागी असते तर सगळ्यात वर छापली असती.

ट्रेंटनच्या पत्रात काय शोधायचं

फेडरल वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, न्यू जर्सीचं १ जुलैला. राज्याला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. वॉशिंग्टनने ऑक्टोबरमध्ये काही काढून घेतलं तर राज्याचं ताट आधीच वाढून झालेलं असतं. म्हणून मार्च ते जून या काळातली राज्य प्रतिनिधींची पत्रं जपून वाचावीत. त्या महिन्यांत बोललेलं कामाला येतं.

स्नॅप, म्हणजे अन्नमदत, हे याचं चांगलं उदाहरण. आजवर ती चालवण्याचा निम्मा खर्च वॉशिंग्टन देत होतं. ऑक्टोबर २०२६ पासून राज्यांचा वाटा ७५ टक्के. त्यापुढच्या वर्षापासून चुकांचं प्रमाण ६ टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या राज्यांना प्रत्यक्ष मदतीतलाही ५ ते १५ टक्के वाटा उचलावा लागणार. हे 'चुकांचं प्रमाण' म्हणजे फसवणूक नव्हे; कुणाला कमी मदत गेली तरी ती चूकच मोजली जाते. ट्रेंटनच्या पत्रात याबद्दल एक ओळ तरी हवी: काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस कार्यालयात माणसं वाढवणार की नाही? माणसं कमी, तर चुका जास्त, तर दंड जास्त, असा तो फेरा आहे.

उत्तर द्यायचंच असेल तर

मत कळवायचं असेल तर फोन. कॅपिटलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. पिनकोड सांगितलात की योग्य कार्यालयाला जोडून देतात. उचलणारी बहुधा विशी-पंचविशीतली पोरगी असते, तिच्याशी वाद घालू नये. नाव, गाव, एक विषय, एक मागणी. 'कपात वाईट आहे' याऐवजी 'माझ्या सासूबाईंचं अॅडल्ट डे केअर मेडिकेडवर चालतं, ते बंद झालं तर मला नोकरी सोडावी लागेल; अमुक विधेयकावर तुमचं मत काय राहणार?' हे नोंदवलं जातं.

आपण नागरिक नाही, मग कशाला, असं एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्यांना वाटतं. मतदान करता येत नाही हे खरं. पण प्रतिनिधीगृहाच्या जागांची वाटणी सगळ्या रहिवाशांच्या गणतीवर होते, आणि तिथे राहणारा माणूस त्या कार्यालयाचाच असतो. फोन करा.

मत सोडून अडचण असेल तर रस्ता वेगळा. सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, इमिग्रेशन, पासपोर्ट, आयआरएस (फेडरल कर खातं) अडलं तर वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीचं स्थानिक कार्यालय. फॅमिलीकेअर, बेकारी भत्ता, मालमत्ता करातली 'अँकर' सवलत अडली तर ट्रेंटनवाल्यांचं. याला केसवर्क म्हणतात आणि ते पक्ष बघून होत नाही. फेडरल कामासाठी खासगीपणाचा संमतीपत्र-फॉर्म सही करून द्यावा लागतो. १९७४ च्या प्रायव्हसी कायद्यामुळे तुमची फाइल त्याशिवाय कुणी दाखवत नाही. आईवडिलांचं काम असेल तर सही त्यांचीच लागते, मुलाची चालत नाही.

पत्राखाली येणारी 'सर्वेक्षणं' मी भरत नाही. 'सरकारी उधळपट्टी थांबावी असं वाटतं का?' याला नाही कोण म्हणेल?

आणि उत्तर म्हणून छापील पत्र आलं, गोड-गोड, प्रश्नाला बगल देणारं, तर त्यालाच उलट उत्तर पाठवा: विधेयकाचा क्रमांक, मतदानाची तारीख आणि 'आपण हो म्हटलंत की नाही?' प्रत्येकाचं मत काँग्रेसच्या संकेतस्थळावर नावानिशी असतं. ते आधी स्वतः बघून मगच विचारा.