डेटाबेस अपग्रेड फसल्यावर होणाऱ्या चुका

अपग्रेड मध्येच अडकलं की कुणीतरी म्हणतं, "नवीन सर्व्हर सुरू तर करून बघू." पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी-अपग्रेड हे व्हर्जन बदलणारं साधन लिंक मोडने चालवलं असेल, तर थांबा. या मोडमध्ये डेटा फाइल्सची प्रत निघत नाही. नवा क्लस्टर (एका सर्व्हरखालचा सगळा डेटा) हार्ड लिंकने, म्हणजे त्याच फाइलला दुसरं नाव देऊन, जुन्याच फाइल्स वापरतो, म्हणून तर भलामोठा डेटाबेसही मिनिटांत उरकतो. पण नवा क्लस्टर एकदा सुरू झाला की तो त्याच फाइल्सवर लिहितो, आणि जुना वापरणं धोक्याचं होतं. मग उरतो फक्त बॅकअप. नवा सुरूच केला नसेल, तर जुन्या डेटा डिरेक्टरीतल्या ग्लोबल फोल्डरमध्ये बघा. पीजी-कंट्रोल फाइलच्या नावाला 'ओल्ड' असं शेपूट लागलेलं असेल तर ते काढा. जुना क्लस्टर पुन्हा चालतो.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना ही सोयही नाही. व्हर्जन 8.0 वर गेल्यानंतर त्याच डेटा डिरेक्टरीवर 5.7 चालवता येत नाही. त्यामुळे आधी मायएसक्यूएल शेल या साधनातली अपग्रेड तपासणी चालवा. 'रँक' नावाचा कॉलम असेल तर ती लगेच बोट दाखवते, कारण 8.0 मध्ये तो राखीव शब्द झाला, म्हणजे नाव म्हणून सरळ वापरता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये हेच काम पीजी-अपग्रेडचा 'चेक' पर्याय करतो, तोही जुना सर्व्हर चालू असताना. एक्स्टेन्शनच्या (डेटाबेसला जोडलेल्या ज्यादा सुविधांच्या) नव्या व्हर्जनसाठीच्या फाइल्स टाकायच्या राहिल्या असतील तर ते इथेच कळतं.

बॅकअप 'आहे' म्हणणारे खूप भेटतात. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून, घड्याळ लावून वेळ मोजलेले फार थोडे. रिस्टोअरला पाच तास लागत असतील आणि डाउनटाइम दोन तासांचा मिळाला असेल, तर परतीचा बेत कागदावरच आहे.

अपग्रेड यशस्वी झालं आणि सगळं गोगलगायीसारखं चालायला लागलं, हा अनुभव मीही घेतलाय. कुठला इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) चुकलाय, ते शोधत बसलो होतो. चूक वेगळीच होती. पोस्टग्रेस 17 पर्यंत पीजी-अपग्रेड प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत नेत नाही, आणि ती नव्याने गोळा करणारी ॲनालाइझ ही कमांड मी चालवलीच नव्हती.

राहिला परत फिरण्याचा निर्णय. तो ॲप्लिकेशन खुलं करण्याआधी घ्या. लोकांच्या नव्या नोंदी एकदा आत आल्या की जुन्या बॅकअपवर जाताना त्या हातच्या जातात, आणि त्या लॉगमधून एकेक करून वेचायला रात्र पुरत नाही.