क्लस्टरची वीज कमांड लाइनवरून बंद-चालू करण्याआधी

नोडची (क्लस्टरमधल्या एकेका यंत्राची) नावं आणि बीएमसीचे (यंत्राची वीज दुरून हाताळणाऱ्या, मदरबोर्डवरच्या छोट्या कंट्रोलरचे) पत्ते खरंच जुळतात का, हे आधी तपासा. बाकी सगळं नंतर. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं, बंद झाला भलताच नोड आणि त्यावरचं चालू काम मधेच तुटलं. कॉन्फिगरेशनच्या फाइलवर विसंबू नका. मदरबोर्ड बदलला की बीएमसीही बदलतो, दुरुस्तीनंतर यंत्रं रॅकमध्ये वरखाली होतात, फाइलमधली नोंद मात्र जुनीच राहते. आयपीएमआयटूलने, म्हणजे बीएमसीला कमांड देणाऱ्या प्रोग्रामने, ‘चॅसिस आयडेंटिफाय ६०’ द्या. बहुतेक यंत्रांवर ओळखीचा दिवा तेवढे सेकंद लुकलुकतो. आकडा दिला नाही तर १५ सेकंदांतच विझतो, तेवढ्यात रॅकच्या मागे पोचणंही होत नाही. दिवा लागलेल्या यंत्राचं लेबल कोणीतरी मोठ्याने वाचावं. तिथे कोणी नसेल तर बीएमसीमार्फत सिरियल कन्सोल (नोडचा मजकुरी स्क्रीन) उघडा आणि लॉगिनच्या ओळीत कुठलं नाव येतं ते पाहा.

बीएमसीचा पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, शेलच्या हिस्टरीत राहतो. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून द्या. बीएमसीचं नेटवर्क वेगळं हवं, हे सांगायला नकोच.

स्लर्ममध्ये (नोडना कामं वाटणाऱ्या शेड्युलरमध्ये) नोड ड्रेनला टाका, म्हणजे नवीन काम येणार नाही; कारणही लिहा. ‘ड्रेनिंग’ म्हणजे काम अजून चालू आहे. ‘ड्रेन्ड’ दिसेपर्यंत हात लावू नका. शेड्युलर वीज वाचवायला स्वतःच नोड बंद-चालू करत असेल तर ते आधी थांबवा, नाहीतर तुम्ही बंद केलेला नोड तो पुन्हा उठवेल.

पॉवरमॅनला (बऱ्याच नोडची वीज एकदम हाताळणाऱ्या टूलला) नोडची रेंज देताना तीच रेंज आधी ‘-क्यू’ लावून, म्हणजे नुसती स्थिती, विचारा. उत्तरात आलेलं प्रत्येक नाव वाचा. तुम्ही ज्या यंत्रावर बसून टाइप करताय ते त्यात नाही ना? स्टोरेजचा सर्व्हर? आणि हो, नाव बरोबर आलं म्हणजे पत्ता बरोबर असं नाही. पॉवरमॅनही त्याच जुन्या फाइलवर चालतो. म्हणून दिवा लावून पाहा. एखाद्या नोडची शंका असेल तर पुन्हा लावा.

बंद करताना आधी ‘सॉफ्ट’ कमांड, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नीट बंद होईल. थेट ‘ऑफ’ म्हणजे वायर उपटण्यासारखंच, अडकलेल्या नोडपुरतं ठेवा. दोन्हीनंतर ‘स्टेटस’ विचारा, कारण सॉफ्टला होकार येतो तो फक्त कमांड पोचल्याचा.

पीडीयूचं (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीचं) आउटलेट बंद केलं की बीएमसीही जातो, मग ‘अननोन’ दिसणारच. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन आउटलेट. त्यांचीही जोडणी वेगळी तपासा, वायरचं टोक हाताने धरून.

वीज परत आल्यावर सगळे नोड एकदम उठू नयेत म्हणून चॅसिस पॉलिसी ‘ऑलवेज-ऑफ’. चालू करताना स्विच, स्टोरेज, मग नोड थोडे थोडे. बीएमसीला उठायला वेळ द्या. ड्रेन काढा. जोडणीची फाइल आजच दुरुस्त करा.