शेक्सपियरचं जुनं चित्र सापडलं तं फ्रेमवाल्याकडं पळू नका, आधी हे करा

दिवाळीनंतर इकडं झाडीपट्टीत मंडईची (गावच्या जत्रेची) नाटकं सुरू झाली की कोणी ना कोणी फोटो पाठवतेच, भाऊ, आजोबाच्या पेटीत शेक्सपियर सापडला, लाखाचा असंल का?

आधी कोणता ते पाहा. कपाळ भलतं मोठं अन् ताठ कॉलरवर मुंडकं ताटात ठेवल्यासारखं दिसत असंल तं ते मार्टिन ड्रूशाउटनं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, 1623 च्या फर्स्ट फोलिओतलं (त्याच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या संग्रहातलं) चित्र, म्हणजे शेक्सपियरबुवा 1616 लाच वारले अन् चित्र छापून आलं सात वर्षांनी. त्याच्या समोरच्या पानावर त्याचा नाटककार दोस्त बेन जॉन्सन म्हणते, चित्राकडं नका पाहू, पुस्तकाकडं पाहा 😀 कानात बाळी असंल तं ते चांडोस नावाच्या रंगवलेल्या चित्रावरून केलेलं. दोन्हीच्या नकला इतक्या निघाल्या की तुमचं बहुतेक त्यातलंच, पण जुनी नक्कलही जपण्यासारखी असते.

आता घड्याळवाल्याचं भिंग घ्या. जाळीसारखे एकसारख्या ओळीत ठिपके दिसले तं अलीकडची छपाई, विषय संपला. सलग रेषा मधात जाड अन् टोकाला बारीक होत गेल्या असतील तं हाताची कोरणी समजा, मंग टॉर्च आडवा धरून कडेला पाहा, ओलसर कागद पत्र्यावर ठेवून रोलरखालून काढतात म्हणून पत्र्याची चौकट कागदात दबलेली दिसते (कोणी कडा छाटल्या असतील तं नाही दिसणार). कागद उजेडापुढं धरा, बारीक जाळीच्या रेषा नसून एकसारखा सपाट असंल तं 1623 चा नाहीच, तसा कागद 1750 नंतरचा.

फाटलं असंल तं सेलोटेप लावू नका. मी लावला होता, तीन उन्हाळ्यांत पिवळा चिकट डाग बसला, आता काढता येत नाही. लॅमिनेशन तं बिलकुल नाही, ओलं फडकंही नाही, मऊ कोरडा ब्रश पुरे. मागच्या पुठ्ठ्याला चिकटवायचं तं फक्त वरच्या कडेला दोन जागी पातळ कागदाच्या पट्ट्या अन् मैद्याची खळ. खळीत मोरचूद टाकतात ना बाइंडिंगवाले, ते टाकू नका, कागद जळते.

फ्रेममधी काच चित्राला टेकू नये, मधात अ‍ॅसिड-फ्री माउंट (आम्ल नसलेल्या जाड पुठ्ठ्याची चौकट) पायजे, नागपूरला मिळते. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत मागून जुन्या स्लिपरचे तुकडे लावा म्हणजे भिंत अन् फ्रेमच्या मधात हवा खेळते. अन् कूलरसमोर टांगू नका! लोक ऊन टाळतात अन् नेमकं कूलरच्या ओल्या हवेत टांगतात, पावसाळ्याआधीच बुरशी.

पोळ्याच्या सुमारास एकदा उतरवून मागची बाजू पाहा. मातीची बारीक रेघ दिसली तं वाळवी भिंतीतून आली, फ्रेम पुसून तिथंच परत टांगू नका.