इंग्रजीतला 'रन' दर वेळी धावत नाही, मग अर्थ कसा लावायचा?

रन म्हणजे धावणे एवढं आपण शाळेत पाठ करतो आणि मग 'शी रन्स अ स्कूल' असं वाक्य समोर आलं की अडकतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजलेत, त्यामुळे पाठांतराच्या भानगडीत पडूच नका, वाक्य नीट बघा.

आधी बघा रन कोण करतंय. माणूस किंवा प्राणी असेल आणि पुढे कर्म नसेल तर बहुतेक वेळा सरळ धावणेच. बस, इंजिन, मशीन असेल तर चालणे. नदी, नळ, नाक असेल तर वाहणे, 'माय नोज इज रनिंग' म्हणजे नाक वाहतंय. आणि रस्ता असेल तर नुसतं जाणे, 'द रोड रन्स अलाँग द रिव्हर' म्हणजे रस्ता नदीच्या कडेकडेने जातो, तिथे हलत काहीच नाही.

आता पुढे कर्म आहे का बघा, कारण खरी मेख इथे आहे. रन अ कंपनी, रन अ प्रोग्रॅम, रन अ हॉटेल, सगळीकडे 'चालवणे' टाकून बघा, फिट्ट बसतं! माझ्या मते मराठी माणसाने रनचा पहिला अर्थ चालणे-चालवणे असाच धरावा, धावणे नंतर. अपवाद आहेतच, रन अ फीव्हर म्हणजे ताप असणे, रन अ बाथ म्हणजे टबात अंघोळीचं पाणी सोडणे, हे तेवढे लक्षात ठेवावे लागतात.

मग रनच्या पुढे चिकटलेला छोटा शब्द बघा. 'वी रॅन आउट ऑफ शुगर' म्हणजे आमच्याकडची साखर संपली, इंग्रजीत कर्ता आपण आणि मराठीत साखर, म्हणून गोंधळ होतो, आणि क्रिकेटमधला रनआउट वेगळा बरं का. रन इंटू पुढे माणूस असेल तर बहुतेकदा अचानक गाठ पडणे, भिंत असेल तर धडकणे. रन ओव्हर म्हणजे अंगावरून गाडी जाणे, पण मीटिंग रन ओव्हर झाली तर फक्त लांबली. निवडणुकीला उभं राहणे याला अमेरिकेत रन फॉर म्हणतात, ब्रिटनमध्ये जास्त करून स्टँड फॉर.

लिहिताना एक सांभाळा, भूतकाळ रॅन, पण हॅव किंवा हॅड आलं की परत रनच, 'आय हॅव रॅन' चूक, 'आय हॅव रन' बरोबर.