आईच्या हातात दहा हजाराचा फोन द्यायच्या आधी एवढं करा

आई-बाबांसाठी नऊ-दहा हजाराचा रेडमी नाहीतर पोको घेतलाय ना, मग बॉक्समधून काढला की लगेच त्यांच्या हातात देऊ नका, आधी तासभर स्वतः घेऊन बसा. फोन वाईट नसतो हो, पण या किमतीत कंपनीला फोनमागे फारसं सुटत नाही. रेडमी-पोको बनवणाऱ्या शाओमीने तर 2018 मध्ये जाहीरच केलं होतं की हार्डवेअरवर 5 टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा ठेवणार नाही, म्हणजे बाकीची कमाई सॉफ्टवेअरमधून, आणि त्यातला मोठा वाटा जाहिरातींचा. अँड्रॉइडचा मूळ कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरायला खुला असल्यामुळे प्रत्येक कंपनी तो घेऊन वर आपला साज चढवते, शाओमीचा आधी एमआययूआय आणि 2023 पासून हायपरओएस, ओप्पोचा कलरओएस, विवोचा आधी फनटच आणि 2025 पासून ओरिजिनओएस, टेक्नोचा हायओएस. मी खाली शाओमीचं धरून सांगतोय, पण बाकीच्यांतही थोड्याफार फरकाने हेच आहे.

फोन चालू करताना भाषा इंग्लिशच ठेवा, मराठी शेवटी लावू, कारण मराठीत मेनूची नावं अशी काही येतात की आपल्यालाच सापडत नाहीत. सेटअपमध्ये नेक्स्ट नेक्स्ट करत सुटायचं नाही. युझर एक्स्पीरियन्स, पर्सनलाइज्ड अ‍ॅड्स, लॉकस्क्रीनवर बातम्या-जाहिराती दाखवणारं ग्लान्स, सगळ्यांवरची टिक काढा. आणि अ‍ॅप्स सुचवणारं पान आलं तर तिथे आधीच टिक केलेलं असतं, तेही काढा, नाहीतर आईला न मागता चार गेम मिळतील 😄

मग वायफायवर अपडेट्स सगळे करून घ्या आणि त्यानंतरच पुढचं, कारण मोठ्या अपडेटनंतर बंद केलेलं काहीबाही परत चालू झालेलं दिसतं.

आता मुख्य काम, एमएसए. सिस्टीममध्ये जाहिराती दाखवणारं अ‍ॅप ते हेच. सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'ऑथरायझेशन' टाइप करा, 'ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन' येईल, त्यात एमएसए बंद करायचं. नेट चालू पाहिजे. 10 सेकंद थांबायला लावतो आणि मग बऱ्याचदा सांगतो की जमलं नाही, परत करा. करा परत, तिसऱ्या-चौथ्या वेळेला ऐकतो, मुद्दाम वैताग देतात की काय असं वाटतं पण सोडू नका. तसंच सर्चमध्ये 'अ‍ॅड सर्व्हिसेस' शोधून पर्सनलाइज्ड वाला स्विच बंद.

एवढ्याने संपत नाही, कारण फाइल मॅनेजर, डाउनलोड्स, थीम्स, सिक्युरिटी या प्रत्येकाच्या आत वेगळं 'रेकमेंडेशन्स' असतं. एकेक उघडा, त्याची सेटिंग्ज शोधा, बंद करा. होमस्क्रीनवरच्या फोल्डरमध्ये फुकटचे अ‍ॅप दिसत असतील तर फोल्डर उघडून नावावर दाबा, तिथेच त्याचा स्विच असतो. कंपनीचा ब्राउझर आणि कंपनीचं अ‍ॅप स्टोअर (गेटअ‍ॅप्स किंवा त्याच्या जागी असेल ते) यांची नोटिफिकेशन्स पूर्ण बंद, आईला रोज सकाळी येणाऱ्या भडक बातम्या तिथूनच येतात.

आता बॅटरी, आणि हे जाहिरातींपेक्षा महत्त्वाचं आहे कारण हे कुणी करतच नाही. या कस्टम सिस्टीम बॅटरी वाचवायच्या नादात मागे चाललेली अ‍ॅप्स मारून टाकतात. आमच्या मामांच्या फोनमध्ये गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप होतं ते रात्री गप्पच बसायचं, मामा अ‍ॅपला शिव्या घालायचे, आणि अ‍ॅप बिचारं झोपवलेलं होतं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप, गोळ्यांचं अ‍ॅप, बँकेचं अ‍ॅप, यांच्या आयकॉनवर दाबून धरा, अ‍ॅप इन्फोमध्ये जा, ऑटोस्टार्ट चालू करा आणि बॅटरी सेव्हरमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. मोजून चार-पाचच अ‍ॅप्सना द्या हां, सगळ्यांना दिलंत तर संध्याकाळी चार्जर शोधत बसाल.

नको असलेली अ‍ॅप्स अनइन्स्टॉल करा, जी होत नाहीत ती डिसेबल. लॅपटॉप जोडून एडीबीने (लॅपटॉपवरून फोनला कमांड द्यायचं टूल) सिस्टीम अ‍ॅप्ससुद्धा उडवता येतात, पण येत असेल तरच, आणि सिक्युरिटी अ‍ॅपला अजिबात हात लावू नका, फोन लोगोवरच गोल गोल फिरत राहतो. लिनिएजओएस वगैरे, म्हणजे कंपनीची सिस्टीम काढून दुसरी अँड्रॉइड सिस्टीम टाकायचा विचार असेल तर तो स्वतःच्या जुन्या फोनवर करा. त्यासाठी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, तो करताना डेटा सगळा जातो, आणि नंतर काही बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप्स चालायलाच नकार देतात, मग भाजीवाल्यासमोर आईचा फोन अडला की ऐकून घ्यायचं तुम्हालाच.

सगळं झालं की भाषा मराठी करा, फॉन्ट दोन पायऱ्या मोठा करा, जी-बोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्ड अ‍ॅपमध्ये) मराठी कीबोर्ड टाका, आणि आईसमोर बसून तिच्याकडूनच एकदा व्हिडिओ कॉल लावून घ्या.